रक्ताचा डाग नक्की किती सांगतो? प्रॅक्टिकल झाल्यापासून डोक्यात गोंधळ आहे

दुसरंवर्ष_फॉरेन्सिक:
नमस्कार मंडळी. फॉरेन्सिकच्या बीएस्सीला आहे, दुसरं वर्ष. नुकतंच आमचं रक्ताच्या डागांचं प्रॅक्टिकल झालं, म्हणजे अँटीकोॲग्युलंट (साकळू न देणारं रसायन) घातलेलं प्राण्याचं रक्त, ड्रॉपर, आणि वेगवेगळ्या अँगलला लावलेली पांढरी कार्डं. थेंब टाकायचा, वाळू द्यायचा, रुंदी भागिले लांबी करायची, साइन इन्व्हर्स काढायचा, की थेंब कार्डावर किती डिग्रीत आपटला तो अँगल मिळतो, झालं. तर ३० डिग्रीच्या सेटिंगला एकाच कार्डावरून एका ग्रुपचं उत्तर २९ आलं आणि दुसऱ्याचं २१, आणि ८० डिग्रीच्या कार्डाचं तर कोणाचंच जुळेना.

मग मला प्रश्न पडला की लॅबमध्ये सगळं आपल्या हातात असताना ही अवस्था, तर खऱ्या घटनास्थळी भिंतीवरचे शिंतोडे बघून मारणारा कुठे उभा होता, किती वार झाले हे लोक एवढं ठामपणे कशाच्या जोरावर सांगतात? आणि त्याच्याही आधीचं, ल्युमिनॉल (रक्त शोधायला फवारतात ते रसायन) मारलं आणि निळं चमकलं म्हणजे रक्तच का? शिवाय तांबड्या पेशींना न्यूक्लियस नसतो असं शिकवतात आणि पुढच्याच लेक्चरला रक्तातून डीएनए काढायला शिकवतात, तो नेमका येतो कुठून? मॅडमना विचारलं तर म्हणाल्या पुस्तकात बघ, पुस्तकात व्याख्या आहेत पण हे नाहीये. कोणी प्रत्यक्ष काम केलेलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

बायोलॉजी_सेक्शन:
तुझ्या पोस्टमध्ये खरं तर चार वेगळे प्रश्न एकात एक अडकलेत. हे रक्तच आहे का, माणसाचं आहे का, कोणाचं आहे, आणि तिथे आलं कसं. पहिल्या तिन्हींची उत्तरं केमिकल आणि मशीन देतात, चौथ्याचं उत्तर माणूस बघून देतो, आणि म्हणूनच चौथं सगळ्यात डळमळीत. मी सीरॉलॉजी (रक्त वगैरे शरीरद्रवांची तपासणी) आणि डीएनए करते त्यामुळे पहिल्या तिनांवर बोलते.

आधी डीएनएचं. रक्तात साधारण ५५ टक्के प्लाझ्मा, ज्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच, आणि बाकी ४५ टक्के पेशी, त्यातही जवळजवळ सगळ्या तांबड्या. एका मायक्रोलिटरमध्ये तांबड्या पेशी ४५-५० लाख आणि पांढऱ्या फक्त ४ ते ११ हजार. तांबड्यांना न्यूक्लियस नाही हे बरोबरच आहे, डीएनए येतो तो या मूठभर पांढऱ्या पेशींतून. मूठभर म्हटलं तरी हिशोब करून बघ, एका पेशीत सहा-साडेसहा पिकोग्राम डीएनए, म्हणजे एका मायक्रोलिटरमधून हिशोबाने तीस-चाळीस नॅनोग्राम, आणि एसटीआर प्रोफाइलला, म्हणजे माणूस ओळखायच्या डीएनए चाचणीला, एक नॅनोग्राम किंवा त्याहूनही कमी पुरतो. म्हणून टाचणीच्या डोक्याएवढा डाग असला तरी आम्ही खूश असतो, फक्त तो नीट सांभाळून आलेला पाहिजे.

आता ल्युमिनॉल. ल्युमिनॉल, कास्टल-मेयर, टीएमबीच्या पट्ट्या, रक्ताचा प्राथमिक अंदाज घ्यायच्या या सगळ्या चाचण्या एकाच गुणावर चालतात. हिमोग्लोबिनमधला हीम नावाचा लोह असलेला भाग पेरॉक्साइडच्या मदतीने दुसऱ्या पदार्थाचं ऑक्सिडेशन जोरात घडवून आणतो, त्यातून कुठे रंग येतो कुठे प्रकाश पडतो. अडचण अशी की हे काम करणारं हीम हे जगात एकटंच नाहीये. ब्लीचला ल्युमिनॉल चमकतं, तांब्याला चमकतं, काही भाज्यांच्या मुळांतल्या पेरॉक्सिडेज या एन्झाइमलाही प्रतिसाद देतं. म्हणून रिपोर्टमध्ये आम्ही 'रक्त असण्याची शक्यता दाखवणारी चाचणी पॉझिटिव्ह' असंच लिहितो, 'रक्त आहे' असं त्यावरून लिहीत नाही, आणि कोणी लिहिलं असेल तर ते चूक आहे.

कास्टल-मेयर कशी करतात ते नीट बघ कारण तिची सगळी ताकद क्रमात आहे. फिल्टर पेपरची घडी घालून तिचं टोक डागावर हलकेच टेकवायचं, जोरात घासायचं नाही, पुढे त्याच डागातून डीएनए काढायचाय. त्यावर एक थेंब अल्कोहोल, मग रंगहीन केलेल्या फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब, आणि इथे थांबायचं. खरंच थांबायचं. याच क्षणी गुलाबी झालं तर समोर दुसरं काहीतरी ऑक्सिडायझर आहे, ती टेस्ट तिथेच बाद. काहीच झालं नाही तर पेरॉक्साइडचा थेंब, आणि रक्त असेल तर दोन-चार सेकंदांत गडद गुलाबी. अर्ध्या मिनिटानंतर आलेला फिकट गुलाबी धरायचा नाही कारण तेवढ्या वेळात कोरा पेपरसुद्धा हवेने गुलाबी व्हायला लागतो. विद्यार्थी घाईत दोन्ही थेंब एकामागोमाग टाकून मोकळे होतात आणि मग त्या टेस्टला काही अर्थच उरत नाही.

ल्युमिनॉलला मी शेवटचं हत्यार मानते. जिथे पुसून, धुऊन काढलंय अशी शंका आहे पण डोळ्यांना काही दिसत नाही तिथेच. डाग दिसत असताना त्यावर फवारा मारला तर डाग पातळ होतो, ओघळतो, आणि ज्या आकारावरून तुझा चौथा प्रश्न सोडवायचा तो आकारच जातो. शिवाय चमक टिकते अर्ध्या मिनिटाच्या आसपास, अंधार पाहिजे, कॅमेरा आधीच ट्रायपॉडवर लावलेला पाहिजे.

माणसाचं रक्त आहे का याचा इतिहास मला फार आवडतो म्हणून थोडं लिहिते. १९०१ मध्ये जर्मनीत पॉल उलेनहुथने रक्त माणसाचं की प्राण्याचं हे सांगणारी प्रेसिपिटिन टेस्ट काढली. त्याच वर्षी रूगेन बेटावर दोन लहान मुलांचा खून झाला, लुडविग टेसनो नावाच्या सुताराला पकडलं, कपड्यांवर डाग होते आणि तो म्हणत होता की लाकडाला लावायच्या रंगाचे आहेत. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या अशाच प्रकरणात हेच सांगून तो सुटला होता. यावेळी उलेनहुथने डाग तपासले, काही माणसाच्या रक्ताचे निघाले, काही मेंढीच्या, आणि मेंढ्या कापून टाकल्याचा संशयसुद्धा त्याच्यावर होताच. त्याच्या आधी हा फरक दाखवायला कोणाकडे साधनच नव्हतं, म्हणजे आरोपी काहीही म्हणाला तरी खोडून काढता येत नव्हतं. आज आम्ही हिमोग्लोबिनची छोटी पट्टी वापरतो, दिसायला प्रेग्नन्सी टेस्टसारखी, दोन रेघा आल्या की पॉझिटिव्ह. तिलाही मर्यादा आहेत, माकडांच्या आणि फेरेट नावाच्या प्राण्याच्या रक्तालाही ती हो म्हणते, आणि रक्त फारच जास्त असेल तर उलट निगेटिव्ह दाखवू शकते, म्हणून पातळ करून पुन्हा लावायची.

ब्लड ग्रुपचा शोध लँडस्टायनरचा, तोही त्याच काळातला, आणि १९१५ मध्ये लातेसने सुकलेल्या डागावरून ग्रुप काढायची पद्धत आणली. पण ग्रुपने माणूस फक्त वगळता येतो, ओळखता येत नाही. १९८४ मध्ये ॲलेक जेफ्रीजचं डीएनए फिंगरप्रिंटिंग आलं आणि तेव्हापासून 'कोणाचं' या प्रश्नाला खरं उत्तर मिळायला लागलं.

साइन_थीटा:
२९ आणि २१ चं गूढ मला लगेच दिसलं, दुसऱ्या ग्रुपने शेपूट मोजलंय. लंबगोल डागाच्या पुढे जी बारीक निमुळती शेपटी निघते ती थेंबाच्या मूळ आकाराचा भाग नाहीये, थेंब आपटल्यावर पुढे निसटलेलं रक्त आहे ते. समजा रुंदी ४ मिमी आणि लंबगोलाची लांबी ८ मिमी, भागाकार ०.५, साइन इन्व्हर्स ३० डिग्री, बरोब्बर. आता तीच लांबी शेपटीसकट ११ मिमी घेतली की भागाकार ०.३६ आणि अँगल २१. अगदी तुमचाच आकडा. बरोबर पद्धत अशी की लंबगोलाचा मागचा अर्धा, गुळगुळीत कडेचा भाग आहे तो बघायचा आणि पुढचा अर्धा त्याच वळणाने मनात पुरा करायचा, शेपटी सोडून द्यायची. शेपटी दिशेसाठी वापरायची, ती थेंब ज्या बाजूला चालला होता तिकडे असते.

८० डिग्रीला तुमचं चुकलं नसणारच फारसं, तिथे सूत्राचाच स्वभाव तसा आहे. १० मिमी रुंद, १०.२ मिमी लांब डाग घे, अँगल येतो ७८ आणि अर्धा. लांबी १०.५ वाचली तर ७२. म्हणजे ०.३ मिमीच्या फरकाने ६ डिग्री इकडचे तिकडे, आणि ०.३ मिमी म्हणजे वाळलेल्या कडेची जाडीसुद्धा नाही. तेच ५ बाय १० च्या डागाला ०.३ मिमी वाढवून बघ, ३० चे २९ होतात, बस. म्हणून गोलसर डागांवरून अँगल काढायच्या फंदात अनुभवी लोक पडत नाहीत, चांगले लांबट डाग निवडतात आणि असे बरेच निवडतात.

आता दुसरी गोष्ट जी प्रॅक्टिकलमध्ये सांगत नाहीत. अँगल मिळाला की डागापासून मागे सरळ दोरी ताणतात, सगळ्या दोऱ्या जिथे जवळ येतात तो रक्ताचा उगम. सोप्या भाषेत, जमिनीवर मागे वाढवलेल्या रेघा ६० सेंमीवर भेटल्या आणि अँगल ३० असेल तर ६० गुणिले टॅन ३०, म्हणजे उंची जवळपास ३५ सेंमी. पण थेंब सरळ रेषेत उडतच नाही ना, गुरुत्वाकर्षणाने त्याची वाट वाकते, हवाही त्याला अडवते. वाकलेल्या वाटेला शेवटच्या टोकाशी सरळ रेघ जोडून मागे नेली की ती खऱ्या वाटेच्या वरूनच जाते. म्हणून दोरीने काढलेली उंची ही 'जास्तीत जास्त एवढी' अशी वाचायची. माणूस उभा नव्हता, बसलेला किंवा खाली होता, एवढं कधी कधी त्यावरून म्हणता येतं, पण '३५ सेंमीच' म्हणणारा माणूस दिसला तर त्याला एरर किती ते विचारा.

आणि डागाच्या नुसत्या साइजवरून थेंब किती उंचावरून पडला हे ओळखायला जाऊ नका. उंची वाढली की डाग मोठा होतो हे खरं पण थोड्याच अंतरापर्यंत, पुढे फरक नगण्य, आणि मुळात थेंब केवढा होता हे माहीत नसेल तर मोठा थेंब कमी उंचीवरून आणि छोटा थेंब जास्त उंचीवरून सारखाच डाग पाडू शकतात. थेंब हवेत अश्रूच्या आकाराचा नसतो, पृष्ठताणामुळे गोळा असतो, ते चित्र पण डोक्यातून काढून टाका.

रक्तपेढी_टेक:
मी फॉरेन्सिकचा नाही पण रक्त रोज हाताळतो म्हणून एकच भर. तुमच्या प्रॅक्टिकलच्या रक्तात सायट्रेट किंवा ईडीटीए असणार, ते कॅल्शियम बांधून ठेवतं म्हणून रक्त साकळत नाही. जखमेतून बाहेर पडलेलं रक्त मात्र पाच-दहा मिनिटांत साकळायला लागतं, नंतर गुठळी आकसते आणि कडेने पिवळसर सीरम वेगळं होतं. थारोळ्यात हे वेगळं झालेलं दिसलं किंवा शिंतोड्यांत गुठळ्यांचे तुकडे सापडले तर मधे वेळ गेलाय एवढं तरी कळतं. पण रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा हिमोफिलिया (रक्त नीट न साकळण्याचा आजार) असेल तर हा हिशोब कोलमडतो, ते विसरू नका. बाकी रक्त पाण्यासारखं वागत नाही, चार-पाच पट घट्ट असतं आणि जोरात हलवलं की पातळ होतं, म्हणून लाल रंगाच्या पाण्याने प्रयोग करून काही सिद्ध होत नाही.

सीन_वर_असतो:
वरचे तिघंही बरोबर आहेत. आता चौथा प्रश्न, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण यात माणसं आत जातात.

बघ, डागांची काही वाचनं मजबूत असतात. थेंबाची कड आधी वाळते आणि मधला भाग ओला राहतो, अशा वेळी त्यावरून कापड फिरलं तर मधलं पुसलं जातं आणि कडेची बारीक रिंग तशीच उरते, ती रिंग भिंगातून दिसली की थेंब पडला आणि पुसला यांच्यात थोडा वेळ गेला हे नक्की. भिंतभर शिंतोडे आणि मधेच स्वच्छ जागा, म्हणजे तिथे काहीतरी किंवा कोणीतरी होतं जे नंतर हललं. ओघळ खाली न जाता आडवा गेलाय, म्हणजे वस्तू किंवा शरीर आधी वेगळ्या स्थितीत होतं. तोंडा-नाकातून आलेल्या रक्तात हवेचे बुडबुडे असतात, ते वाळले की बारीक कडी दिसतात. हत्यार उगारताना उडालेले थेंब छतावर किंवा भिंतीवर ओळीत पडतात, आणि पहिल्या वाराची ओळ सहसा नसतेच कारण हत्याराला तेव्हा रक्त लागलेलं नसतं, त्यामुळे ओळी मोजून वारांचा नेमका आकडा सांगणं धोक्याचं, किमान एवढे असतील असंच म्हणायचं.

गडबड होते ती बारीक ठिपक्यांवर, एक मिलिमीटर आणि त्याच्या खालचे. पूर्वी बारीक ठिपके म्हणजे हाय व्हेलॉसिटी, म्हणजे गोळीबार, असं सरसकट शिकवायचे. ते वर्गीकरण आता मागे पडलंय कारण बारीक ठिपके खोकल्याने येतात, थारोळ्यात टपकणाऱ्या थेंबांनी उडतात, माश्या रक्तावर बसून उडून जातात आणि त्यांच्या ओकारीचे आणि विष्ठेचे ठिपके हुबेहूब शिंतोड्यांसारखे दिसतात, त्यात माणसाचा डीएनएसुद्धा सापडतो.

कपड्यावर तर आणखी वाईट. कार्डावर थेंब आहे तिथेच राहतो, सुती कापडावर तो धाग्याच्या आतून पसरतो, विणीप्रमाणे आकार बदलतो, धुतलेल्या आणि न धुतलेल्या कापडावर वेगळा पसरतो. आता एक बारीक डाग समोर आहे, तो उडून आला की रक्ताळलेल्या केसांना किंवा कपड्याला घासून लागला? मायक्रोस्कोपखाली धाग्यांच्या वरच्या टोकांनाच रक्त आहे की विणीच्या खोलात उतरलंय हे बघतात, तरी लहान डागात खात्री नसते. आणि हा फरक म्हणजे 'हा माणूस हल्ल्याच्या वेळी तिथे होता' आणि 'हा माणूस नंतर मदतीला धावला' यातला फरक आहे!

अमेरिकेत इंडियानामध्ये डेव्हिड कॅम नावाचा माजी पोलीस होता, २००० साली त्याची बायको आणि दोन्ही मुलं गोळ्या घालून मारली गेली. त्याच्या टी-शर्टवर आठ बारीक ठिपके होते. एका बाजूचे तज्ज्ञ म्हणाले गोळीबाराचे शिंतोडे, दुसऱ्या बाजूचे म्हणाले मुलाला गाडीतून बाहेर काढताना मुलीच्या रक्ताळलेल्या केसांना शर्ट घासला. दोन्हीकडे अनुभवी माणसं. तो दोनदा दोषी ठरला, दोन्ही निकाल रद्द झाले, आणि तिसऱ्या खटल्यात २०१३ मध्ये निर्दोष सुटला, तेरा वर्षं गेली. मधल्या काळात घटनास्थळी सापडलेल्या स्वेटशर्टवरचा डीएनए चार्ल्स बोनी नावाच्या दुसऱ्याच माणसाशी जुळला आणि त्याला शिक्षा झाली. म्हणजे बायोलॉजी_सेक्शन म्हणतात तसं, 'कोणाचं' याचं उत्तर टिकलं, 'कसं' यावर मात्र तेरा वर्षं भांडण चाललं.

२००९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसने फॉरेन्सिकच्या सगळ्या शाखांवर रिपोर्ट काढला, त्यात रक्ताच्या डागांच्या विश्लेषणातली अनिश्चितता प्रचंड आहे आणि तज्ज्ञांची मतं शास्त्रीय कमी आणि व्यक्तिनिष्ठ जास्त आहेत असं स्पष्ट लिहिलंय. २०२१ मध्ये एक मोठा अभ्यास आला, प्रत्यक्ष काम करणारे ७५ तज्ज्ञ, दीडशेहून जास्त नमुने, आणि ज्यांचं खरं उत्तर आधीच माहीत होतं त्या नमुन्यांवर साधारण ११ टक्के उत्तरं चुकीची निघाली. बाकी कुठल्या टेस्टला ११ टक्के चूक आपण चालवून घेऊ का? मी ही शाखा बंद करा म्हणत नाहीये, १८९५ मध्ये क्राकोत पिओत्रोव्स्कीने या विषयाचा पहिला पद्धतशीर अभ्यास केला तेव्हापासून यात खरं ज्ञान जमलंय आणि मी ते वापरतो. पण रिपोर्टमध्ये 'हा डाग या, या आणि या प्रकारे पडू शकतो, त्यातला हा एक वगळता येतो' एवढंच लिहिणारा माणूस मला जास्त विश्वासाचा वाटतो.

दुसरंवर्ष_फॉरेन्सिक:
बापरे, एवढं सविस्तर! सगळ्यांना खूप थँक्स, शेपटीचं तर आजच ग्रुपवर टाकलं, खरंच त्यांनी टोकापर्यंत मोजलं होतं. आता पुढच्या सेमला छोटा प्रोजेक्ट करायचाय, कपड्यांवरच करावं असं वाटायला लागलंय. पण 'उडालेला की घासलेला' हे आमच्या लेव्हलला तपासता येईल का? आणि खऱ्या केसमध्ये ओला कपडा मिळाला तर तो पॅक कसा करतात, आम्हाला फक्त 'योग्य प्रकारे' एवढंच लिहून दिलंय.

बायोलॉजी_सेक्शन:
पॅकिंगचं मी सांगते. ओला कपडा आधी स्वच्छ कागदावर, सावलीत, नुसत्या हवेवर वाळवायचा, हीटर नाही ऊन नाही, आणि मग कागदी पिशवीत. प्लॅस्टिकमध्ये कधीच नाही, आत दमट होतं, बुरशी आणि बॅक्टेरिया डीएनए खाऊन टाकतात. घडी घालताना मधे कागद ठेवायचा म्हणजे एका बाजूचा डाग दुसऱ्या बाजूला उमटणार नाही. आणि वाळवायच्या आधी फोटो, स्केल ठेवून, कॅमेरा कापडाला काटकोनात.

सीन_वर_असतो:
प्रोजेक्ट नक्की कर, करता येतो. दोन प्रकारचं सुती कापड घे, एक टी-शर्टचं विणलेलं, एक शर्टाचं साधं, दोन्हीचे अर्धे तुकडे आधी धुऊन घे. लॅबचंच रक्त वापर, ग्लोव्हज घालून, सरांच्या देखरेखीखाली. काही तुकड्यांवर ब्रशच्या ताठ केसांवरून रक्त उडव, काहींना रक्ताळलेल्या केसांचा झुपका नुसता टेकव. प्रत्येक तुकड्याला नंबर दे, कुठला कसा केला ते एका वहीत लिही आणि ती वही सरांकडे दे. मग वर्गातल्या ज्या मुलांनी डाग पाडताना पाहिलेलं नाही त्यांना भिंग आणि मायक्रोस्कोप देऊन विचार, उडालेला की घासलेला की सांगता येत नाही. तिसरा पर्याय फॉर्मवर छापलेलाच ठेव, नाहीतर सगळे जबरदस्तीने काहीतरी लिहितात. अर्ध्या मुलांना खोटी स्टोरी दे की हा कपडा संशयिताचा आहे, बाकीच्यांना काहीच सांगू नकोस, आणि दोन्ही गटांची उत्तरं वेगळी मोज. सगळं झाल्यावर त्यांना खरं काय ते सांगायचं. आकडे आले की इथे टाक, मला बघायचेत.

साइन_थीटा:
आणि एकाच तुकड्याचा फोटो वेगळा नंबर देऊन त्याच मुलाला आठवड्याने परत दाखव. स्वतःशी तरी जुळतो का ते कळेल.